राजाचा सदरा आणि दत्तूभाऊंची इस्त्री

कपड्याच्या धंद्यात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक हँगर, दुसरी किस्से. दोन्ही आपोआप वाढतात आणि एकमेकांत अडकून बसतात. एक ओढायला जावं तर चार खाली येतात! परवा गावाकडचे दोन मित्र दुबईला आले होते. त्यांना म्हटलं, चहा होईपर्यंत एक किस्सा सांगतो. चहा तीनदा झाला तरी हँगर सुटत होतेच. शेवटी एक मित्र म्हणाला, “हे लिहून काढ बाबा, आम्हाला जेवायचंय.” म्हणून लिहितोय.

आधी थोडी ओळख करून देतो. माझं शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. ‘बर दुबई’ भागातल्या कापडबाजारात दुसऱ्याच्या दुकानात सतरा वर्षं ताके उलगडले, मग स्वतःचं दुकान काढलं. दुकान वेशभूषेचं. हॉटेलं, शाळा, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम. ज्याला जे व्हायचं असेल ते आम्ही त्याला करून देतो, भाड्याने! वर्कशॉप मुहैस्नाहला, म्हणजे आपली माणसं ज्याला सोनापूरच म्हणतात तिथे.

दोन वर्षांपूर्वी मरीनातल्या एका हॉटेलने ठरवलं की थंडीच्या सीझनभर रोज संध्याकाळी पाहुण्यांना ‘रॉयल डिनर’ द्यायचं. जुन्या युरोपातला दरबार, राजा, राणी, सरदार, दासी, सगळं. अठ्ठावीस पोशाख आणि त्यांची रोजची देखभाल. इव्हेंट मॅनेजर होत्या मॅडम नादीन, मूळच्या लेबनानच्या. बोलणं गोड, हिंदी कामापुरती समजायची, नजर कात्रीसारखी. त्यांनी एक महिना ट्रायल दिली. पसंत पडलं तर पूर्ण सीझनचं ॲग्रीमेंट. त्या ॲग्रीमेंटच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती : साफसफाई आणि प्रेसिंग ‘मशीन ओन्ली’.

ती ओळ सरळ दत्तूभाऊंवर येत होती.

दत्तूभाऊ आमचे परीट. राजापूरकडचे, वय एकोणसाठ. गळ्यात तुळशीची माळ, हातात इस्त्री. अकरा वर्षं माझ्याकडे. इस्त्री गालाजवळ नेऊन ताव ओळखायचे, अंदाज कधी चुकला नाही. डिसेंबरात त्यांचा व्हिसा संपत होता. काम मशीनकडे गेलं तर हाताने इस्त्री करणाऱ्याचा व्हिसा मी कशाच्या जोरावर वाढवणार? मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली, लपवलं नाही. ते एवढंच म्हणाले, “शेठ, धाकटीचं नर्सिंग दोन वर्षांत पुरं होतंय. तेवढी दोन वर्षं इस्त्री राहू दे.”

अकरा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. हे लक्षात ठेवा आणि पुढे ऐका.

* * *

कपडे शिवायचे तर घालणाऱ्याच्या सवयी माहीत हव्यात, हा माझा जुना नियम. पण युरोपच्या राजांच्या सवयी मला कोण सांगणार? ते काम मी रुचाला दिलं. रुचा माझी मुलगी. जन्म इथला, नोकरी सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत!

आठवडाभर वाचून ती शनिवारी दुपारी वर्कशॉपला आली. सगळे जेवायला बसले होते. आल्या आल्या म्हणाली, “बाबा, दे वेअर स्केअर्ड ऑफ वॉटर!”

तिने सांगितलं ते असं. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडचे वैद्य म्हणायचे, गरम पाण्याने अंगाची छिद्रं उघडतात आणि त्यातून रोग आत शिरतो. त्यामुळे राजेलोक आंघोळीच्या वाटेला फारसे जात नसत. हात धुवायचे, तोंड पुसायचं, अत्तर लावायचं आणि वर मखमल चढवायची. आमच्या शिंप्यांनी जेवता जेवता नाकं मुरडली.

“वेट, वेट! पण दे चेंज्ड देअर शर्ट्स. सेव्हरल टाइम्स अ डे!”

मखमलीच्या आत पांढराशुभ्र लिननचा सदरा. हे कापड अंगाचा मळ ओढून घेतं, अशी त्यांची पक्की समजूत. सदरा बदलला की माणूस स्वच्छ झाला! फ्रान्सच्या एका राजाचे तर दिवसाला कितीतरी सदरे व्हायचे. गळ्याशी आणि मनगटाशी जे पांढरं बाहेर डोकवायचं, ती त्याच्या स्वच्छतेची जाहिरात. मला तर ऐकून त्या राजाबद्दल आदरच वाटला. धंदेवाईक डोकं होतं!

दत्तूभाऊंनी घास हातातच धरला. “म्हणजे आंघोळ राजाची नाही, सदऱ्याची!”

“एक्झॅक्टली, काका!”

“मग गो बाय, तो सदरा धुवायचा कोण? त्याचं नाव लिहिलंय का?”

रुचाने मोबाईलवर बराच वेळ शोधलं. राजाचा टोप बनवणारा सापडला, शिंपी सापडला, अत्तरवाला सापडला. “नो, काका. नो नेम.”

“नसायचंच,” म्हणाले, आणि घास तोंडात टाकला.

* * *

आता कॉलरचा किस्सा. जुन्या इंग्रज सरदारांच्या गळ्यात ती ताटाएवढी गोल, चुण्याचुण्यांची कॉलर असते ना, चित्रांत पाहिली असेल. मुंडकं थाळीत वाढल्यासारखं दिसतं. तशा बारा कॉलरी आम्ही केल्या. बाजारातला स्टार्चचा स्प्रे मारून कडक केल्या. शोरूममध्ये फर्स्ट क्लास!

रंगीत तालीम हॉटेलच्या गच्चीवर होती. ऑक्टोबर महिना, समोर समुद्र, हवेत एवढा दमटपणा की मोबाईलची काच पुसून पुसून हात दुखावा. वीस मिनिटांत बाराच्या बारा कॉलरी माना टाकून मोकळ्या.

मॅडम नादीननी मला बाजूला घेतलं. “मिस्टर पाटणकर, माय लॉर्ड्स लुक लाइक वेट चिकन!”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये शिरलो तर भाताचा वास. दत्तूभाऊंनी उकड्या तांदळाची दाट खळ शिजवली होती. समोरच्या कॅफेटेरियातून शिगकबाबच्या लोखंडी सळया मागून आणल्या होत्या. कॉलर खळीत बुडवायची, अर्धवट वाळू द्यायची, मग तापलेली सळई एकेका चुणीत घालून ती गोल बसवायची. एका कॉलरीला दीडशेच्या वर चुण्या! माणूस सकाळपासून दुपारपर्यंत उभा. मी खुर्ची दिली तर म्हणाले, “बसून चुणी सरळ येत नाही, शेठ.”

मी त्यांचा फोटो काढून रुचाला पाठवला. तिचा लगेच फोन आला, स्पीकरवर किंचाळलीच. कारण त्या काळी लंडनमध्येही अशाच गरम सळया घालून कॉलरी बसवत! गंमत म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या पदरी अशी कडक खळ करणारं कोणी नव्हतं. समुद्रापलीकडून डच बायका आल्या, त्यांना ते येत होतं. मग लंडनच्या बायका पैसे मोजून त्यांच्याकडे शिकायला जायच्या.

दत्तूभाऊंनी सळई खाली ठेवली. “काय सांगतेस! म्हणजे राणीला पण इस्त्रीवाली बाहेरूनच आणायला लागली?”

“येस, काका.”

“व्हिसा किती वर्षांचा होता तिचा?”

* * *

त्या कॉलरी गच्चीवर तीन तास ताठ उभ्या राहिल्या. मॅडम नादीननी एका कॉलरीवर टिचकी मारली. टक्क आवाज आला.

“व्हॉट केमिकल इज धिस?”

मी म्हटलं, “मॅडम, ट्रेड सिक्रेट.” भात आहे असं सांगितलं असतं तर भाव उतरला असता!

* * *

मधे रंगाचा एक घोळ झाला. राणीच्या आतल्या झग्यासाठी मॅडमना ‘थोडा जुना वाटणारा पांढरा’ हवा होता. मी अकरा छटा दाखवल्या. एक फार पिवळा, एक फार करडा, एक ‘टू हॉस्पिटल’.

रुचा म्हणाली, एका युरोपियन राजघराण्यातल्या बाईची दंतकथा आहे. खरी-खोटी देव जाणे. नवरा एका शहराला वेढा घालून बसला होता, तेव्हा तिने शपथ घेतली म्हणे की शहर पडेपर्यंत अंगातला झगा बदलणार नाही. वेढा चालला वर्षानुवर्षं! शेवटी त्या झग्याचा जो रंग झाला त्याला तिचंच नाव पडलं, आणि दरबारात त्या रंगाची फॅशन आली.

दत्तूभाऊ विचार करून म्हणाले, “शहरवाले वेडे. एवढी वर्षं कशाला थांबले? वारा फिरला त्या दिवशीच शरण यायचं!”

मी मात्र कानात साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक पिवळसर तुकडा मॅडमसमोर धरला आणि म्हटलं, हा एका राजघराण्याच्या नावाचा रंग आहे. लगेच पास! नाव कशावरून पडलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ग्राहकाने विचारलं नाही ते सांगू नये, हे मी दहावीच्या आधीच शिकलो होतो.

* * *

आता आमचा राजा. राजा झाला होता उत्तम घाटगे. मूळचा साताऱ्याकडचा, सहा फूट तीन इंच, दिवसा मरीनातल्याच एका टॉवरवर सिक्युरिटी. मॅडमनी त्याला गेटवर उभा पाहिला आणि म्हणाल्या, “खलास. धिस इज माय किंग.” खलास म्हणजे त्यांच्या अरबीत ‘ठरलं’. संवाद एकही नव्हता. फक्त उभं राहायचं आणि लोकांकडे बघायचं. म्हणजे ड्युटी तीच, कपडे वेगळे!

पण राजाच्या डोक्यावर खांद्यापर्यंत कुरळ्या केसांचा टोप. वजन किलोभर. तिसऱ्या दिवशी भर दरबारात, सूप वाढत असताना, उत्तमने खिशातला बॉलपेन काढला, टोपात खुपसला आणि डोळे मिटून खाजवू लागला. पाहुण्यांनी व्हिडिओ काढले.

मॅडमचा फोन आला तेव्हा आवाज ऐकूनच मी उभा राहिलो. रुचा समोर होती. तिला विचारलं, “गो, ते राजे टोपात खाज सुटली की काय करत?”

तिने दोन मिनिटांत फोटो शोधून दिला. लांब दांड्याची, टोकाला हस्तिदंताचा छोटा पंजा असलेली खाजवणी! दरबारातल्या बायका केसांच्या मनोऱ्यात तीच घालायच्या. उवा राजवाड्यातही होत्या, त्यांना दारावर कोण अडवणार?

मी फोटो मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, “मॅडम, अवर किंग इज ओरिजिनल.”

दोन दिवसांनी हॉटेलची ऑर्डर आली. शोभिवंत खाजवण्या, नग सहा. एकीला पस्तीस दिऱ्हाम, म्हणजे आपले आठशे रुपये! उत्तम घाटगे तेव्हापासून मानाने खाजवतो.

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र हसू थांबलं.

मखमलीचे कोट, त्यावर जरीचं काम, आत माणूस, वर गच्चीवरची हवा. चार दिवसांत कोट घामाने आंबून वास मारू लागले. राजाच्या शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्याने टेबल बदलून मागितलं. मॅडम नादीन स्वतः वर्कशॉपला आल्या. राजाचा कोट नाकाजवळ नेला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

“हबीबी, आय सेड ऑथेंटिक. नॉट धिस ऑथेंटिक.” मग मऊ आवाजात म्हणाल्या, “सेंड टू मशीन. फिफ्टीन डेज लेफ्ट इन द ट्रायल. आय विल डिसाइड देन.”

दत्तूभाऊ बाजूलाच उभे होते. इंग्रजी येत नाही, पण ‘मशीन’ कळलं.

मी एक कोट एका ड्रायक्लीनिंग प्लांटला पाठवला. वास गेला, पण मखमलही गेली. लव एवढी चपटी की म्हशीने चाटल्यासारखी, आणि जरीचं काम काळं पडलेलं. मॅडमना तो कोट दाखवला तर त्या म्हणाल्या, दुसरा प्लांट शोधा.

रुचाने वाचून सांगितलं की नाटकवाले लोक धुता न येणाऱ्या कपड्यांवर आतून व्होडका फवारतात. वास मरतो. मी दत्तूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माळेला हात लावला. “शेठ, अकरा वर्षं तुम्ही सांगाल ते केलं. ही बाटली मात्र तुमची तुम्ही मारा.”

मी म्हटलं, “मला तरी कुठे ती सोनापूरला आणून कोटांवर मारता येणार आहे? पोलिसांना काय सांगू, राजाचा कोट प्यायला?”

सगळे हसले. दत्तूभाऊ नाही हसले. ते खराब झालेला कोट उलटा करून पाहत होते. अस्तर बोटाने चाचपत म्हणाले, “त्या दिवशी बायने सांगितलं ना, राजा करायचा काय? कोट नाही धुवायचा तो. मग आपण कशाला कोटाच्या मागे लागलोय? कोटापर्यंत घाम जाऊच नये. राजाचं तेच आपण करू. सदरे शिवा.”

मलमलचे सदरे शिवले. अंगाला चिकटून, लांब बाह्यांचे, काखेत दुहेरी कापड. माणशी रोज तीन. शोच्या आधी एक, मधल्या ब्रेकमध्ये एक, शेवटच्या प्रवेशाला एक. अठ्ठावीस माणसं, रोज चौऱ्याऐंशी सदरे! कॉलर आणि कफ वेगळे, बटणाने लावायचे. हॉटेलच्या ड्रेसिंग रूममध्ये दांड्यावर शुभ्र सदऱ्यांची रांग. घातलेला निघाला की सरळ टोपलीत.

आणि आधीच खराब झालेले कोट? ते दत्तूभाऊंनी घेतले. रोज दोन. मखमलीखाली दुसरी मखमल, लवेवर लव, आणि उलट्या बाजूने नुसती वाफ. इस्त्री कापडाला टेकवायचीच नाही, बोटभर वर धरायची. मग उन्हात नाही, वाऱ्यावर. मग मऊ ब्रश, एकाच दिशेने. प्लांटमधून आलेल्या त्या चपट्या कोटावर ते तीन दिवस बसले, म्हणजे उभे राहिले. चौथ्या दिवशी मी त्या कोटावरून हात फिरवला आणि लव परत उभी राहिली होती. जरीचं काम तेवढं काळंच राहिलं. दत्तूभाऊ म्हणाले, “ते माझ्या हातचं नाही. ते मशीनचं आहे.”

धंद्यात मी मोठमोठी माणसं पाहिली. गाड्या पाहिल्या, घड्याळं पाहिली. पण इस्त्री कापडाच्या बोटभर वर धरून तासभर हात न हलवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

* * *

सदऱ्यांवरून रुचाने मॅडम नादीनना एक गोष्ट सांगितली आणि तिथून एक वेगळंच सुरू झालं.

फ्रान्सच्या दरबारात सकाळी राजाच्या अंगात सदरा चढवणं हा मान होता. आणि मान हजर असलेल्यांत जो सर्वांत मोठा त्याचा. मोठा आला की लहानाने सदरा त्याच्या हाती द्यायचा. तिथल्या एका राणीची आठवण तिच्याच एका दासीने लिहून ठेवली आहे. थंडीची सकाळ. राणी उघडी उभी. दासी सदरा देणार तेवढ्यात वरच्या मानाची सरदारीण आली. सदरा तिच्या हाती. ती देणार तेवढ्यात दार वाजलं, राजघराण्यातली बाई आली. सदरा तिच्याकडे. तेवढ्यात आणखी वरची आली! सदरा फिरतोय, मान राखला जातोय आणि राणी हाताची घडी घालून कुडकुडतेय.

वर्कशॉपमध्ये ही गोष्ट ऐकून सगळे हसून लोळले. दत्तूभाऊ म्हणाले, “एकीने तरी विचारायचं ना, बाई गं, थंडी वाजते का?”

मॅडम नादीनना मात्र गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती शोमध्येच घातली. राजा सदऱ्याची वाट बघत उभा, सदरा या हातातून त्या हातात. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पण त्या आठवड्यात शो आत हॉलमध्ये हलवला होता आणि तिथला एसी म्हणजे काश्मीर! तीन दिवस उघड्या अंगाने उभं राहून चौथ्या दिवशी उत्तम घाटगे मॅडमकडे गेला. अंगावर शाल घेऊन.

“मॅडम, एक रिक्वेस्ट थी. दरबार में थोडा आदमी कम करो ना. तीन आदमी के बाद मेरे को छींक आता है!”

मॅडमनी एक सरदार कमी केला. त्या सरदाराने उत्तमशी आठवडाभर बोलणं टाकलं.

* * *

आता शेवटचा किस्सा. त्या दिवशी मॅडमनी दुपारी चारला येते म्हणून सांगितलं होतं. ट्रायलचा शेवटचा दिवस. सह्या करायच्या की नाही, आणि केल्या तर तिसऱ्या पानावरची ती ओळ ठेवून की काढून, हे ठरायचं होतं. मी नवा शर्ट घातला होता. रुचा ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली होती.

मॅडम साडेतीनलाच आल्या. हातात फाईल. खुर्चीवर बसल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या. सरळ कपड्यांच्या रांगेशी गेल्या, राजाचा कोट काढला आणि नाक आत घातलं. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. मग तो प्लांटमधून आलेला कोट. त्यावरून त्यांनी हाताची पाठ फिरवली, एकदा वर, एकदा खाली.

“हू डिड धिस?”

“अवर मॅन, मॅडम. बाय हँड.”

“शो मी.”

आतल्या खोलीत वाफेचा बॉयलर चालू. तिथे थंडीतही मे महिना असतो, त्यामुळे दत्तूभाऊ नेहमी बनियनवर काम करतात. टेबलाशी उभे, खांद्यावर पंचा. दार उघडलं, मॅडम दिसल्या, आणि हा माणूस जो गोंधळला! एका हाताने बनियन झाकतो, दुसऱ्या हाताने शर्ट शोधतो. शर्ट दाराजवळच्या हँगरवर, आमच्या बाजूला.

रुचा जवळ होती. तिने चटकन शर्ट हँगरवरून काढला आणि द्यायला पुढे झाली. मग काय वाटलं तिला कोण जाणे, ती थांबली. माझ्याकडे वळली आणि शर्ट माझ्या हातात दिला.

मी शर्ट धरला. माझ्या कामगाराचा शर्ट अकरा वर्षांत मी कधी हातात घेतला नव्हता. पातळ झाला होता, पण इस्त्री अशी की कागद वाटावा. मी एक पाऊल पुढे टाकलं.

“मिस्टर पाटणकर.”

वळून पाहिलं तर मॅडम नादीननी हात पुढे केला होता. मी शर्ट त्यांना दिला.

त्यांनी फाईल बॉयलरच्या फळीवर ठेवली. शर्ट दोन्ही खांद्यांना धरून झटकला आणि दत्तूभाऊंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दत्तूभाऊ माझ्याकडे बघतात. मी होकाराची मान हलवली. त्यांनी एक हात घातला, मग दुसरा. मॅडम पुढे आल्या आणि वरचं बटण स्वतः लावलं.

दत्तूभाऊंचे कान लाल झाले होते. त्यांनी खाली पाहिलं, उजव्या बाहीवरून बोट फिरवलं आणि तिथेच थांबले.

“शेठ, मॅडमना सांगा, रागावू नका म्हणावं. हातातून हातात गेला ना. बाहीला घडी पडली.”

मी सांगायच्या आत त्यांनी बटण काढलं, शर्ट उतरवला आणि टेबलावर पसरला. पाण्याचा शिपका मारला. इस्त्री गालाजवळ नेली, ताव पाहिला आणि बाही धरली. सावकाश. जणू खोलीत कोणी नाहीच.

आम्ही तिघे उभे. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी फाईल उघडली, तिसरं पान काढलं, पेनने एक ओळ खोडली, बाजूला छोटी सही केली, शेवटच्या पानावर मोठी सही केली आणि फाईल माझ्या हातात दिली.

दत्तूभाऊंनी इस्त्री उभी केली. शर्ट उचलला, उजेडाकडे धरून दोन्ही बाह्या पाहिल्या, कॉलर पाहिली. मग दोन्ही हातांनी तो मॅडमपुढे धरला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“हां मॅडम. अब पहनाओ.”